डिजिटल वर्गावर पीएचडी करायची आहे, संदर्भ कुठे आणि कसे शोधायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताईंनी पीएचडीसाठी नोंदणी केली आहे. विषय आहे ‘जिल्हा परिषद शाळांतील डिजिटल वर्गांची परिणामकारकता’. गूगलवर शोधलं की कंपन्यांच्या जाहिराती येतात. एखादा चांगला लेख दिसला तर तो पैसे मागतो. मराठीत काही सापडत नाही, आणि मार्गदर्शकांना संबंधित संशोधनाचा आढावा लवकर हवा आहे. सुरुवात कुठून करायची?

ताई, जागा सांगतोच, पण आधी तुम्ही काय शोधताय ते पाहू या. ‘डिजिटल वर्ग’ हे साधनाचं नाव आहे. साधनाचं नाव टाकलं की ते विकणारे आधी समोर येतात. त्याऐवजी मुलांच्या शिकण्यातली अडचण शोधा. चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, सहावीतली मुलगी परिच्छेद अडखळत वाचते, एकाच वर्गात तीन-चार पातळ्यांची मुलं आहेत आणि शिक्षक एक. अशा ठिकाणी तंत्रज्ञानाने काय फरक पडला, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे आणि भारतात तर तो फार चांगल्या रीतीने तपासला गेला आहे.

१९८३ साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने माध्यमांवरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि ठामपणे लिहिलं की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं घरातल्यांचं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. बदलतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९४ मध्ये त्याला उत्तर दिलं. माध्यमाच्या अंगच्या क्षमतांमुळे काही पद्धती शक्य होतात, म्हणून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. या वादाच्या दोन्ही बाजू पहिल्याच आठवड्यात वाचा. तोंडी परीक्षेत परीक्षक हेच विचारणार आहेत: गुण वाढले ते पडद्यामुळे, जादा तासामुळे, की वर्गात कुणीतरी नवीन आलं म्हणून?

आता तीन भारतीय अभ्यास सांगतो. हे तिन्ही तुमच्या आढाव्यात असायलाच हवेत आणि यांच्याच आधाराने पुढचे बरेच संदर्भ मिळतील.

पहिला अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा, २००७ चा. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेबरोबर मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांमध्ये तो झाला. मुंबईत आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी, म्हणजे त्यांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या स्थानिक तरुणी, होत्या. बडोद्यात याशिवाय चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ दिले. संगणकामुळे गणितातली वाढ पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप) एवढी होती. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने ही वाढ बरीच ओसरली. हे शेवटचं वाक्य आढावे लिहिताना बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका.

दुसरा ली लिंडन यांचा, गुजरातमध्ये स्वयंसेवी संस्था चालवते त्या ज्ञानशाळांमधला, २००८ चा. इथे तेच सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरलं. शाळेच्या वेळात, शिक्षकाच्या शिकवण्याऐवजी वापरलं तेव्हा मुलं मागे पडली, ०.५७ प्रमाण विचलनाने. शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून वापरलं तेव्हा ०.२८ ने पुढे गेली. माझ्या मते जिल्हा परिषदेच्या शाळेत पडदा लावणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचायला हवा, कारण आपल्याकडे पडदा बहुतेक वेळा तासाच्या आतच येतो. हा अभ्यास वर्किंग पेपरच्या, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच्या मसुद्याच्या, रूपात फिरला आहे. म्हणजे फक्त जर्नलच्या डेटाबेसमध्ये शोधलंत तर तो हातातून निसटेल.

तिसरा कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा, २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आलेला. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शाळेबाहेरच्या केंद्रांवर ६१९ विद्यार्थ्यांमधून सोडत काढून निम्म्यांना प्रवेश दिला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन एवढी वाढ दिसली. सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथूनच शिकवत होतं. पण तिथे निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात एका साहाय्यकाबरोबर जात होता. म्हणून ‘माइंडस्पार्कमुळे एवढी वाढ’ असं लिहिणारा लेख दिसला, तर त्याने मूळ लेख वाचलेला नाही असं समजा.

हे तिन्ही लेख त्यांच्या लेखकांच्या किंवा संस्थांच्या पानांवर मोफत वाचता येतात. आता पुढचं काम. यांपैकी एक लेख गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या फक्त संशोधन-लेख शोधणाऱ्या पानावर, उघडा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा, म्हणजे आधीचं संशोधन मिळतं. मग लेखाखालच्या ‘साइटेड बाय’ या दुव्यावरून पुढे या, म्हणजे त्या लेखाचा आधार घेऊन नंतर काय काय झालं ते मिळतं. ती यादी हजारांत असेल तर त्याच यादीच्या आत शोधण्याची सोय आहे. तिथे ‘रूरल’, ‘टीचर’, ‘प्रायमरी’ असे शब्द घाला. चार-पाच चांगल्या लेखांवर हे नीट केलं तर शब्द बदलून बदलून आठवडाभर शोधण्यापेक्षा जास्त हाती लागतं. नवे लेख जुन्याच नावांकडे परत नेऊ लागले की तो भाग पुरेसा झाला असं धरायचं.

पुढे येण्याचा फायदा कुठे दिसतो ते सांगतो. सुगाता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला, ती गोष्ट आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जाते. त्यांचा २००१ चा लेख ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजीमध्ये आहे. त्याच जर्नलमध्ये २०१० साली पायल अरोरा यांचा लेख आला. उत्तराखंडमधल्या अशा ठिकाणी प्रत्यक्षात काय उरलं ते त्यांनी जाऊन पाहिलं होतं, आणि चित्र निराशाजनक होतं. पहिला लेख वाचून थांबणाऱ्याचा आढावा अर्धाच राहतो. पेरूमधल्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेचंही तेच. घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण ३१९ ग्रामीण शाळांमधल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेत फरक आढळला नाही, हे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या मोफत अहवालात आहे.

डेटाबेसमध्ये पहिला क्रमांक मी ‘एरिक’ला देतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा, १९६० च्या दशकापासून चालू असलेला आणि सगळ्यांना मोफत. त्यातल्या नोंदींच्या क्रमांकाकडे लक्ष द्या: ‘ईजे’ने सुरू होणारी नोंद जर्नलमधल्या लेखाची, ‘ईडी’ने सुरू होणारी अहवाल, परिषदेतला निबंध वगैरेची. ‘ईडी’ नोंदींचा पूर्ण मजकूर बऱ्याचदा तिथेच मिळतो. एरिकचा स्वतःचा शब्दकोश आहे. तुमच्या मनातल्या शब्दाऐवजी त्या कोशातला ठरलेला शब्द वापरला तर निकाल एकदम सुधारतात. शिवाय दर दशकाला नाव बदललेलं आहे. साठ-सत्तरच्या दशकात क्रमान्वित अध्ययन (प्रोग्राम्ड लर्निंग), ऐंशीत संगणक साहाय्यित अनुदेशन, मग मल्टिमीडिया, ई-लर्निंग, आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान), ब्लेंडेड लर्निंग आणि आता एआय. ही सगळी नावं टाकून शोधा, नाहीतर चाळीस वर्षांचं संशोधन दिसणारच नाही.

विकसनशील देशांसाठी ‘एडटेक हब’चा पुरावासंग्रह उपयोगी आहे. गरिबीविषयक उपायांचे प्रयोग करणाऱ्या ‘जे-पॅल’ या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर प्रयोगांचे सोपे सारांश आहेत. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनचे डिजिटल तंत्रज्ञानावरचे मार्गदर्शक अहवाल वाचनीय आहेत, फक्त ते इंग्लंडच्या वर्गांसाठी आहेत हे विसरू नका. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल पूर्ण तंत्रज्ञानावरच आहे. त्यात एक आकडा आहे: ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त ७ टक्के कंपन्यांनी यादृच्छिक प्रयोग (सोडतीने गट पाडून केलेली तुलना) केले होते. ‘संशोधनाची गरज’ या तुमच्या पहिल्या प्रकरणात तो चपखल बसेल.

जर्नलपैकी ऑस्ट्रेलेशियन जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजी, एज्युकेशनल टेक्नॉलॉजी अँड सोसायटी आणि कॅनडातल्या अथाबास्का विद्यापीठाचं दूरशिक्षणावरचं जर्नल ही तीन पूर्ण मोफत आहेत. एनसीईआरटीच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेचं इंडियन जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजी २०१९ पासून निघतं, तेही मोफत. त्याचे सगळे अंक चाळून काढा. कॉम्प्युटर्स अँड एज्युकेशन हे मोठं नाव आहे, पण त्यातल्या बऱ्याच लेखांना वर्गणी लागते.

तर पैशांबद्दल. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारने जर्नलची वर्गणी एकत्र भरण्याची योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल. याचा लाभ सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांना आहे. तुमचं महाविद्यालय खासगी असलं तरी तुमची नोंदणी राज्य विद्यापीठात आहे. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा आणि संशोधक विद्यार्थी म्हणून घरून प्रवेश कसा मिळतो ते विचारा. पुष्कळ संशोधक विद्यार्थी हे विचारतच नाहीत आणि वर्षानुवर्षं सारांशावर भागवतात. ग्रंथपालांशी ओळख करून घ्या, त्यांना तुमचा विषय समजावून सांगा. त्यांच्याइतकी मदत दुसरं कुणी करू शकत नाही.

तिथेही मिळालं नाही तर ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरमध्ये बसवा. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. गूगल स्कॉलरवर लेखाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ उघडून पाहा. ‘जेस्टोर’ या जर्नलच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढलं तर दर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. आणि लेखकाला थेट ईमेल करा. तुम्ही कोण, कशावर काम करताय आणि त्यांचा लेख का हवा आहे, हे चार ओळींत लिहा. लेखक बहुधा आनंदाने पाठवतात, कधी सोबत चाचण्या आणि प्रश्नावल्याही देतात. त्या तर विकत घेऊनही मिळत नाहीत.

मराठीत काही नाही, असं तुम्ही लिहिलंत. आहे, पण ते गूगलच्या पहिल्या पानावर येत नाही. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहावर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे शिक्षणशास्त्रातले प्रबंध आहेत, त्यांत मराठीतून लिहिलेलेही आहेत. अडचण नोंदींची आहे. मराठी शीर्षक कुणी देवनागरीत टाकलेलं असतं, कुणी रोमन लिपीत, कुणी इंग्रजी भाषांतर करून. तिन्ही तऱ्हांनी शोधा. ‘संगणक सहाय्यित’, ‘साहाय्यित’, ‘सहायित’ अशी सगळी रूपं करून पाहा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे विद्यापीठ निवडून शिक्षणशास्त्र विभागाची पूर्ण यादी डोळ्यांखालून घालणं. प्रबंध प्रकरणनिहाय पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे आधी संबंधित संशोधनाचं प्रकरण आणि परिशिष्टं उघडायची.

ऑनलाइन येण्याआधीच्या काळासाठी ग्रंथालयात जावं लागेल. एम. बी. बुच यांनी संपादित केलेले शैक्षणिक संशोधनाचे सर्वेक्षण-खंड मागा. पहिला बडोद्याच्या केंद्राने १९७४ मध्ये काढला, पुढचे १९७९, १९८७ आणि १९९१ चे. भारतातल्या जुन्या प्रबंधांचे सारांश त्यांत विषयवार आहेत. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगाबद्दलही वाचा. नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवली गेली आणि समाजशास्त्रज्ञांनी तिचं मूल्यमापन केलं. वीज, दुरुस्ती आणि शिक्षकांचा सहभाग हे आज तुम्हाला शाळेत दिसणारे प्रश्न तेव्हाही होते.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आयआयटीतलं शैक्षणिक तंत्रज्ञानाचं केंद्र, एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आणि टाटा समाजविज्ञान संस्था या चारही ठिकाणी या विषयावर काम झालं आहे. टाटा संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर केलेला ‘क्लिक्स’ प्रकल्प छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांत झाला. संगणक कक्षाला कुलूप का लागतं, वेळापत्रकात तास कसा बसवायचा, अशा गोष्टी त्यांच्या अहवालांत वाचायला मिळतात. चाचणीच्या गुणांवरच्या लेखांत त्या येत नाहीत.

प्रबंधांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ चांगली मेहनत वाया जाते. आपल्याकडचा ठरीव आराखडा असा: एका शाळेतले दोन वर्ग, एक प्रायोगिक आणि एक नियंत्रित गट, संशोधकाने स्वतः बनवलेला कार्यक्रम, स्वतः शिकवलेले दोन आठवडे, स्वतःच तयार केलेली उत्तर चाचणी, आणि शेवटी ‘कार्यक्रम परिणामकारक आहे’. चेउंग आणि स्लॅव्हिन यांनी २०१६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की लहान नमुना आणि संशोधकाची स्वतःची चाचणी असली की परिणाम साधारण दुप्पट मोठा दिसतो. म्हणून आढाव्यात निष्कर्षांची रांग लावू नका. प्रत्येक अभ्यासाबद्दल किती मुलं, किती काळ, कुणाची चाचणी, शिकवलं कुणी, आणि नियंत्रित गट त्या वेळात काय करत होता, हे पाच रकाने भरा. शेवटचा रकाना बहुतेक प्रबंधांत रिकामा राहील. तुमच्या संशोधनाला जागा तिथेच आहे.

आकडेवारी आणि शासकीय कागद हा भाग लोक शेवटी ठेवतात; तुमच्या विषयाला तो आधी लागेल. कोणत्या शाळेत संगणक आणि इंटरनेट आहे हे यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीकोशात मिळतं. पण ती शाळेने भरलेली माहिती आहे. संगणक ‘आहे’ याचा अर्थ तो चालतो असा नाही, म्हणून निदान नमुन्यातल्या शाळांत स्वतः जाऊन पडताळा. घरातल्या साधनांसाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी पाहा: २०१७-१८ मध्ये देशात इंटरनेटची सोय असलेली घरं २३.८ टक्के, ग्रामीण भागात १४.९ टक्के. त्यानंतर चित्र किती बदललं ते ‘असर’ हा ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल सांगतो. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

महाराष्ट्रातली धोरणाची बाजू शासन निर्णयांत आहे. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयापासून पुढे या. त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार शोधता येतं. संदर्भ देताना निर्णयाचा संगणक सांकेतांक जरूर लिहा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेच्या प्रकल्प मंजुरी मंडळाची दरवर्षीची राज्यनिहाय इतिवृत्तं फार कमी संशोधक उघडतात. किती आयसीटी प्रयोगशाळा आणि स्मार्ट वर्ग मंजूर झाले आणि त्यांना किती रक्कम मिळाली, ते त्यांत असतं. लोकसभेतल्या प्रश्नोत्तरांत जोडपत्र म्हणून राज्यनिहाय तक्ते सापडतात. मंजुरीचा कागद, यूडायसची नोंद आणि शाळेतली प्रत्यक्ष स्थिती शेजारी शेजारी ठेवली तर तेवढ्यावर एक स्वतंत्र प्रकरण उभं राहील, आणि असं काम मराठीत व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लेखाचा दर्जा पारखणं आता तुमच्यावर आहे. यूजीसीने मान्य जर्नलची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आठवड्यात छापून देतो म्हणणारं, कुठल्याही विषयाचा लेख घेणारं, संपादक मंडळाचा पत्ता न लागणारं जर्नल वाचण्यातही वेळ घालवू नका. लेख मागे घेतलेला नाही ना, हे ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मोफत यादीत पाहता येतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांना शोधासाठी समानार्थी शब्द विचारा, अवघड परिच्छेद सोपा करून मागा. संदर्भ मात्र मागू नका. खऱ्या लेखकाचं नाव, खरं जर्नल आणि अस्तित्वातच नसलेला लेख अशी जोडी ती सहज बनवतात. प्रबंधातला प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः उघडलेला असला पाहिजे.

जे वाचाल ते पहिल्या दिवसापासून ‘झोटेरो’ या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. ते मोफत आहे आणि मराठी शीर्षकंही नीट साठवतं. प्रत्येक नोंदीखाली वरचे पाच रकाने तिथेच टिपा. शासकीय पानांच्या बाबतीत नुसता दुवा पुरत नाही. संकेतस्थळं बदलतात, विभागांची नावं बदलतात आणि कागद हलतात. पीडीएफ उतरवून घ्या, नावात तारीख घाला, आणि पान ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या संग्रहात जतन करून तो दुवाही लिहून ठेवा. या आठवड्यात बडोदा, ज्ञानशाळा आणि माइंडस्पार्क हे तीन लेख वाचा आणि त्यांचे रकाने भरून मार्गदर्शकांना दाखवा. शीर्षकातली ‘परिणामकारकता’ कशाच्या तुलनेत मोजायची, हे त्यांच्याशी त्याच बैठकीत ठरवून घ्या.